आधी गण, मग बाकी: संगीत रंगभूमीवरच्या एका प्रयोगाच्या कामाच्या नोंदी, नागपूर

उत्तर नागपुरातल्या आमच्या वाचन गटाने सव्वा तासाचा एक प्रयोग बसवायला घेतला. विषय असा: मराठी संगीत रंगभूमी उभी करण्यात गावकुसाबाहेरच्या, तमाशाच्या फडातल्या, वस्तीतल्या माणसांचा हात किती आणि कुठे होता. गाणी प्रत्यक्ष म्हणायची, मधे निवेदन. आपल्या वस्तीत कुणाला असंच काही करायचं असेल तर पैसे आणि वेळ कुठे जातो हे आधीच कळावं, म्हणून या नोंदी.

९ मे

पहिला आराखडा मोठ्याने वाचला. सुरुवात १८४३ पासून, सांगलीत विष्णुदास भाव्यांचं सीतास्वयंवर. मग ३१ ऑक्टोबर १८८०, पुण्यात किर्लोस्करांचं शाकुंतल. मग नाटक कंपन्या, बालगंधर्व, आणि शेवटी दहा मिनिटं 'वंचितांचं योगदान'. वाचून झाल्यावर कुणी काही बोलेना. त्या दहा मिनिटांत सगळेच कोंबलेले होते आणि ऐकणाऱ्याला वाटावं की हे लोक खेळ संपता संपता येऊन उभे राहिले.

खरं तर शाकुंतलातल्या पदांना साकी, दिंडी, लावणीच्या चाली आहेत, आणि लावणी त्याआधी कित्येक वर्षं फडात उभी होती. पेशवाईच्या उतरत्या काळातले शाहीर पाहा. सगनभाऊ मुसलमान शिकलगार, होनाजी गवळी, परशराम शिंपी. राम जोशी ब्राह्मण होते, पण तेही फडातच आले. नाट्यगृह पुढे बांधलं गेलं, गाणं आधीपासून होतं. १८४३ आणि १८८० ही सालं आम्ही ठेवली, पण मधे. सुरुवातीला काय ठेवायचं हे त्या दिवशी ठरलं नाही.

२१ मे

मौदा तालुक्यातल्या एका गावात खडी गंमत करणाऱ्या मंडळीकडे गेलो. शाहिरांचं वय सत्तरीच्या पुढे, त्यांना सगळे काकाजी म्हणतात. आराखडा ऐकला आणि म्हणाले, "बाई, आदी गन. मंग बाकी. तुमी तं पंगतीपासून लगन सुरू करून राहिल्या."

सुरुवातीचा प्रश्न तिथेच सुटला. सगळा प्रयोगच तमाशाच्या क्रमाने बांधायचा: गण (सुरुवातीचं वंदन), गवळण (कृष्ण-गवळणींचा भाग), बतावणी (विनोदी सवाल-जवाब), वग (शेवटचं कथानाट्य). इतिहास त्या चौकटीत भरायचा. निवेदकाने टेबलामागे उभं राहून सांगायचं नाही. शाहीर आणि त्याचा जोडीदार सवाल-जवाबात सांगतील. सालं बतावणीत घातली की लोकांच्या लक्षात राहतात हे तिथल्या तिथे करून पाहिलं. जोडीदाराने मुद्दाम चुकीचं साल सांगायचं आणि शाहिराने त्याला दुरुस्त करायचं, इतकं पुरतं.

नवख्यांसाठी: खडी गंमत म्हणजे उभ्याने केलेला खेळ. पडदा नाही, रंगमंच नाही, लोक भोवताली. शाहीर, राधा (हे काम पुरुष करतो), ढोलकी, तुणतुणं, चोनका (तारेचं तालवाद्य), मंजिरी, मागे झील धरणारे, म्हणजे शाहिराची ओळ उचलून म्हणणारे. मानधन तिथेच ठरवलं आणि वहीत लिहून दोन्हीकडच्या सह्या घेतल्या: तालमीचे माणशी ५०० आणि प्रयोगाचे १,५००, गाडीभाडं आमचं. तालमीचे पैसे द्यायचेच. हे लोक रोजंदारीवर जातात. तालीम म्हणजे त्यांची बुडालेली मजुरी.

८ जून

पहिली एकत्र तालीम, समाजभवनाच्या मागच्या खोलीत. सूर जुळला नाही. आमच्या गटातला गाणारा मुलगा शास्त्रीय शिकलेला, काळी एकमध्ये गातो. काकाजी काळी चारमध्ये, म्हणजे बरंच वर, सत्तरीतही. ढोलकी काकाजींच्या सुराला लावलेली. मुलासाठी ती उतरवली तर थाप बसली, चाट (ढोलकीची चढ्या सुराची बाजू) बोलेना. मग मुलाला वर चढवून पाहिलं, तर त्याचा गळा दुसऱ्या कडव्यात फुटला.

काकाजींचा सूर उगाच वर नाही. माईक नसताना, मोकळ्या मैदानात, शेवटच्या माणसापर्यंत शब्द पोचवायचा तर आवाज वरच लागतो. ढोलकीही त्याच कारणाने चढी. ज्याला नाट्यगृहात बसणारे 'रांगडा आवाज' म्हणतात, तो भिंती नसलेल्या जागेसाठी घडवलेला आवाज आहे. हे वाक्य पुढे संहितेत जसंच्या तसं गेलं.

तोडगा असा काढला: फडातली सगळी गाणी काकाजी आणि त्यांचे झीलकरी म्हणतील. मुलगा फक्त नाट्यपद म्हणेल, पेटी-तबल्यावर, स्वतःच्या सुरात. दोन आवाजांतला फरक झाकायचा नाही, ऐकू द्यायचा. पेटी फडाच्या गाण्यांतून काढून टाकली. सूर तुणतुण्याने धरला. तुणतुण्याची खुंटी सारखी सरकत होती. तिला खडू घासला, मग थांबली.

२९ जून

पाऊस सुरू झाला आणि दोन गोष्टी बिघडल्या.

पहिली ढोलकी. दमट हवेत कातडं ढिलं पडतं, अर्ध्या तासात सूर उतरतो. पूर्वी शेकोटीवर धरायचे. आमच्यातल्या एकाने हॅलोजनच्या दिव्याजवळ ठेवली, जरा जास्तच जवळ, आणि चाटेची पुडी (त्या बाजूचं कातडं) तडकली. नवीन पुडी बसवायला ९०० रुपये आणि आठवडा गेला, कारण इतवारीकडचा कारागीर गणपतीच्या ऑर्डरींत बुडालेला. आता साधा शंभर वॅटचा पिवळा बल्ब, हातभर अंतर, मधे मधे फिरवायचं. दुसरी ढोलकी जवळ ठेवा, उसनी का होईना.

दुसरी गोष्ट मोठी. आम्ही प्रयोग १ ऑगस्टला धरला होता, अण्णा भाऊ साठेंची जयंती म्हणून. काकाजींचा फोन आला: "तारीख तुमी धरली, पन रोवनी कोन करन?" धानाची रोवणी जुलैभर चालते, पाऊस लांबला तर ऑगस्टच्या मध्यापर्यंत. सगळी मंडळी चिखलात. संध्याकाळी तालमीला कंबर उभी राहत नाही.

मग वर्षाचं गणित मांडलं. रोवणी संपते ऑगस्टच्या मध्याला. दिवाळीच्या आसपास धान कापणीला येतं. भाऊबीजेपासून मंडया (गावोगावच्या जत्रा) सुरू होतात, आणि तिथून होळीपर्यंत या लोकांचा कमाईचा हंगाम. पूर्वेला झाडीपट्टीत तर याच महिन्यांत दिवसा शंकरपट (बैलांच्या शर्यती) आणि रात्री नाटक, वडसा-देसाईगंजच्या कंपन्यांना एक रात्र रिकामी नसते. तिथल्या रंगभूमीवर आयुष्य काढलेल्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. त्या रंगभूमीचं वेळापत्रक आजही धानच ठरवतं. म्हणजे आमच्यासाठी मोकळी फट एकच: ऑगस्टचा शेवट ते ऑक्टोबरचा मध्य.

नवी तारीख २४ सप्टेंबर. १८७३ मध्ये याच दिवशी जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला, आणि सत्यशोधक जलसे (तमाशाच्या घडणीतले प्रबोधनाचे खेळ) हा आमच्या वगाचा पहिला भाग असल्याने तारीख विषयाला धरूनच बसली. समाजभवनाच्या अनामतीतले २,००० गेले. तुम्ही तारीख धरण्याआधी शाहिराला विचारा.

१३ जुलै

रोवणीमुळे तालमी बंद, म्हणून संहिता.

जलशाचा भाग लिहिताना आपल्याकडचाच माणूस आधी घेतला. किसन फागूजी बनसोड, जन्म १८७९, मोहपा. नागपुरात छापखाना चालवला, मुलींची शाळा काढली, आणि 'सनातन धर्माचा पंचरंगी तमाशा' लिहिला. तमाशाची चौकट घेऊन थेट धर्मव्यवस्थेला प्रश्न विचारायचा, हे नागपूरच्या मातीत झालेलं काम आहे. गटातल्या बहुतेकांनी त्यांचं नाव फक्त पाटीवर वाचलेलं होतं.

त्यानंतर आंबेडकरी जलसा, नाशिककडचे भीमराव कर्डक. इथे आम्ही संहितेत एकच गोष्ट दाखवली: चौकटीतलं काय ठेवलं आणि काय फेकलं. गण राहिला, पण वंदन देवाऐवजी बाबासाहेबांना. गवळण गेली, नाच्या गेला. वगाच्या जागी शाळा, दारू, पाणवठा यांवरचे छोटे प्रवेश आले. ढोलकी तीच, थापही तीच. अण्णा भाऊंनी पुढे हेच वेगळ्या दिशेने केलं. १९४४ मध्ये अमर शेख आणि गव्हाणकरांबरोबर लाल बावटा कलापथक, गणात मायभूमी आणि शिवराय, गवळण नाही, आणि तमाशाला लोकनाट्य हे नाव. हे बदल काकाजी उभ्या उभ्या करून दाखवतील: तोच गण, चार वेळा, चार वंदनं. सगळ्या संहितेत मला हा तुकडा सर्वांत भक्कम वाटतो, कारण इथे काहीच समजावून सांगावं लागत नाही.

गाणी निवडताना दोन अडचणी. एक, जुन्या पुस्तिकांत गाण्यावर नुसतं 'चाल:' लिहून दुसऱ्याच गाण्याची पहिली ओळ दिलेली असते. ती चाल माहीत नसेल तर गाणं मुकं. इंदोरा आणि बाराखोलीतल्या भजनी मंडळातल्या म्हाताऱ्या बायांकडे गेलो. त्यांना ओळ ऐकवली की चाल निघते. मोबाईलवर ध्वनिमुद्रण आधी त्यांना विचारून.

दुसरी, स्वामित्वहक्क. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं. शाहीर पठ्ठे बापूराव १९४५ मध्ये गेले, बनसोड १९४६ मध्ये, त्यामुळे त्यांचं लेखन मोकळं. अण्णा भाऊ १९६९ मध्ये गेले, म्हणजे २०२९ संपेपर्यंत परवानगी लागते. आंबेडकरी गीतकार वामनदादा कर्डकांच्या बाबतीत तर अजून कितीतरी वर्षं. सार्वजनिक प्रयोगात त्यांची गाणी घ्यायची तर वारसांची लेखी परवानगी हवी, आणि तेवढा वेळ आम्ही ठेवला नव्हता. त्यामुळे अण्णा भाऊंचा गण नाही, त्या घडणीचा आमच्या मुलांनी लिहिलेला नवा गण.

३ ऑगस्ट

आजचा दिवस वादात गेला आणि तो जायलाच हवा होता.

पठ्ठे बापूराव आणि पवळा यांचा तुकडा वाचला. बापूराव म्हणजे श्रीधर कुलकर्णी, रेठरे हरणाक्षचे ब्राह्मण, गाव आणि घर सोडून फडात आलेले. पवळा त्यांच्या फडातली नर्तकी, महार समाजातली, संगमनेरजवळच्या हिवरगावची. आमचा मजकूर प्रेमकथेसारखा झाला होता. गटातल्या एका ज्येष्ठ बाईंनी वाचन तिथेच थांबवलं. म्हणाल्या, "आमच्या घरात तमाशाचं नाव घेतलं तं आजी उठून जाये. तुमाले त्यात गोडी दिसते, आमाले बाया दिसते." बाबासाहेबांनी बापूरावांची तमाशाच्या कमाईतली देणगी नाकारली होती, हेही त्यांनीच सांगितलं. कारण तो पैसा समाजाच्या बाईला नाचवून आलेला होता.

तरुण पोरांचं म्हणणं वेगळं: मग या बायांची कला इतिहासातून काढायची का? तोही प्रश्न खरा आहे. विठाबाई नारायणगावकरांना राष्ट्रपतींचा पुरस्कार मिळाला. त्याच विठाबाई खेळ चालू असताना मागे जाऊन बाळंत झाल्या आणि पुन्हा फडावर उभ्या राहिल्या. हा प्रसंग टाळ्या घेण्यासाठी सांगितला जातो. मला त्यात टाळी दिसत नाही. बाळंतपणालाही सुट्टी नसलेला धंदा दिसतो. आणि यमुनाबाई वाईकर, कोल्हाटी समाजातल्या. बसून, नुसत्या चेहऱ्याने आणि आवाजाने लावणीचा अर्थ उलगडत नेणाऱ्या. २०१२ मध्ये पद्मश्री.

शेवटी हे ठरलं. नाच नाही. बापूराव-पवळा तुकड्यात प्रेमकथा नाही, देणगी नाकारल्याची गोष्ट आहे, आणि ती त्याच ज्येष्ठ बाई सांगतील. त्यानंतर एक बैठकीची लावणी, बसून, आमच्यातलीच एक मुलगी म्हणेल. विठाबाईंचा प्रसंग संगीताशिवाय, चार वाक्यांत. कलेचा मान आणि शोषणाचा हिशेब शेजारी शेजारी राहतील, एकाने दुसरं पुसायचं नाही.

याच चर्चेत राधेचा प्रश्न निघाला. राधा करणारे दादा पन्नाशीचे, शेतमजूर. ते म्हणाले, "साडी नेसली का गावात पोट्टे मांगं लागते." बालगंधर्वांनी साडी नेसली, त्यांच्या नेसण्याची नक्कल घराघरांतल्या बायांनी केली, १९६४ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. पुरुषाने बाईचं काम करणं दोन्हीकडे तेच. एकीकडे तो नटसम्राट, दुसरीकडे नाच्या ही शिवी. हा मुद्दा दादा स्वतः बोलणार आहेत, त्याच साडीत. गंधर्व कंपनीत तबल्यावर अहमदजान थिरकवा आणि सारंगीवर कादरबक्ष होते, हेही त्यांच्याच तोंडी दिलं. त्या पदांना उचलून धरणारे हात कुणाचे होते ते लोकांना कळू दे.

२० ऑगस्ट

तालमी पुन्हा सुरू. गटातल्या एका मुलाने अमेरिकेच्या संगीत नाटकावर वीस मिनिटं लिहून आणली होती. १९०३ चं 'इन डाहोमी', १९२१ चं 'शफल अलाँग', कृष्णवर्णीय कलावंतांनी ब्रॉडवेला दिलेला ताल. माहिती चांगली, पण वाचताना नावांची रांग झाली आणि झीलकरी बाहेर चहाला गेले. एकच गोष्ट ठेवली. १९३६ मध्ये वॉशिंग्टनच्या नॅशनल थिएटरात 'पोर्गी अँड बेस'चा प्रयोग होता. कलावंत काळे, आणि काळ्या प्रेक्षकांना त्या थिएटरात प्रवेश नाही. मुख्य गायक टॉड डंकन आणि त्यांच्या साथीदारांनी सांगितलं, असं असेल तर आम्ही गाणार नाही. थिएटरला माघार घ्यावी लागली.

काकाजींनी ही गोष्ट दोनदा सांगायला लावली. मग ती बतावणीत घातली, टॉड डंकनचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं.

६ सप्टेंबर

समाजभवनात रंगमंचावर तालीम, आणि सगळं पडलं. मंच चार फूट उंच, समोर पडदा. खडी गंमतीत शाहीर बोलता बोलता लोकांत जातो, प्रश्न विचारतो. इथे तो काठावर येऊन थांबत होता. आवाजाचंही तसंच: ढोलकीसमोर माईक ठेवला तर घुमतो, हलवला तर तुणतुणं हरवतं.

मंच सोडला. खाली सभागृहाच्या मध्यभागी बारा बाय बाराची सतरंजी, तिन्ही बाजूंनी लोक, चौथ्या बाजूला झीलकरी. ढोलकीचा माईक काढूनच टाकला, तिला गरज नाही. तुणतुण्याला छोटा क्लिप माईक, शाहिराला आणि राधेला कॉलर माईक. खुर्च्या उचलून भिंतीला लावल्या.

गणपतीत साऊंडवाले मिळत नाहीत. दुप्पट भाव सांगतात. आम्ही विसर्जनानंतरची तारीख असल्यामुळे ६,५०० मध्ये सुटलो.

१८ सप्टेंबर

सलग तालीम. सव्वा तासाचा खेळ पावणेदोन तास चालला. भाव्यांचा तुकडा निम्मा केला, नाटक कंपन्यांची यादी पूर्ण काढली. ज्येष्ठ बाईंचा आणि राधेचा तुकडा हात न लावता ठेवला. सव्वा तासात बसलं नाही, पण दीड तासात आलं. यापुढे कापलं असतं तर चार गणांवर आलं असतं, म्हणून थांबलो.

२४ सप्टेंबर

प्रयोग झाला. दुपारी जोराचा पाऊस, लोक उशिरा आले, पण सतरंजीभोवती जागा उरली नाही. ढोलकी बल्बाखाली तासभर शेकवून घेतली होती, तरी तिसऱ्या गणानंतर उतरली. दुसरी तयार होती, बदलली.

चार गणांना अपेक्षेपेक्षा जास्त दाद. चौथ्याला लोकांनीच झील धरली. राधा आत आली तेव्हा मागच्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. दादा थांबले, शिट्ट्या संपू दिल्या आणि मग बालगंधर्वांच्या पद्मभूषणापासून बोलायला सुरुवात केली. शिट्टी पुन्हा आली नाही. ज्येष्ठ बाईंनी देणगीची गोष्ट सांगताना कागद बाजूला ठेवला आणि स्वतःच्या आजीचंही सांगितलं. ते संहितेत नव्हतं, त्यामुळे सहा मिनिटं वाढली. पुढच्या प्रयोगात ती धरूनच वेळ आखणार.

बसलं नाही ते असं: बैठकीची लावणी. मुलगी चांगली गायली, पण तिन्ही बाजूंनी लोक असताना बसलेल्या माणसाचा चेहरा निम्म्यांनाच दिसतो, आणि ही लावणी चेहऱ्यावरच चालते. तिला हातभर उंचीचा पाट हवा, आणि दर कडव्याला बाजू बदलून बसायला हवं.

२९ सप्टेंबर

हिशेब. मानधन आणि तालमी मिळून सर्वांत मोठा खर्च, २७,५००. गाडीभाडं ७,२००. साऊंड ६,५००. समाजभवन ३,०००, शिवाय बुडालेली अनामत २,०००. पुडी, तार, खडू धरून १,१००. चहा-जेवण ४,८००. एकूण ५२,१००. वर्गणीतून ३९,००० जमले, प्रयोगाच्या दिवशी झोळीत ११,४००. उरलेले १,७०० गटाने भरले.

पैसे कमी पडले तर साऊंड कमी करा, छपाई कमी करा. मानधन कमी करू नका, आणि ते त्याच रात्री, हातात द्या.

ध्वनिचित्रमुद्रणाची एक प्रत मंडळीला पोचवली. काकाजी आणि दादा यांची संमती लेखी आल्याशिवाय ते कुठेही टाकणार नाही. दादांनी घरच्यांशी बोलून सांगतो म्हटलं आहे. पुढचा प्रयोग मोहप्याला करायचं चाललंय, भाऊबीजेच्या आधी, कारण नंतर मंडयांच्या सुपाऱ्या लागतात. पाट सुताराकडे टाकला आहे.